गुडघ्याखाली घातलेले इलॅस्टिक

मित्रांनो, जिला पाऊल नाही आणि तरीही जी हजारो किलोमीटर धावली, अशी वस्तू तुम्ही पाहिली आहे काय? ती मी. मला काफ स्लीव्ह म्हणतात. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, पोटरीवर चढवायची घट्ट विणीची मी एक नळी आहे. मला टाच नाही, तळवा नाही, बोटे नाहीत. लांब पल्ल्याचे धावपटू माझ्यासारख्या दोघींना दोन पायांत घालतात. आता मी जुनी झाले असून मला वरपासून खालपर्यंत उभी चीर पडलेली आहे. माझ्या हातून कुणाचे अहित होईल असे मला स्वप्नातदेखील वाटले नव्हते. तथापि ते झाले. त्या गोष्टीला आज कितीतरी दिवस लोटले, परंतु मला बसलेला धक्का अद्याप ओसरलेला नाही.

माझा जन्म एका गोल यंत्रात झाला. त्या यंत्राला शेकडो सुया होत्या आणि त्या सर्व एकाच वेळी खाली-वर होत. ताणला जाणारा धागा त्यांच्यातून फिरत फिरत माझे शरीर तयार झाले. यंत्रातून बाहेर पडताच एका परीक्षक बाईंनी मला उचलले व टेबलावरच्या एका लाकडी पायावर चढवले. शेजारी कामावर नव्याने लागलेली एक मुलगी उभी होती. तिला त्या म्हणाल्या,

"हात लावून बघ. घोट्यापाशी घट्ट लागते ना? आणि वर वर जाशील तशी सैल."

"मग वरचं तोंड ढिलं राहिलं की काय, बाई?"

"राहिलं नाही, ठेवलंय. रक्ताला वर चढायला वाट नको? वरचं तोंड आवळलंस तर पायाला बूच लावल्यासारखं होईल. हे डोक्यात पक्कं बसव."

मुलीच्या डोक्यात ते बसले की नाही हे मला ठाऊक नाही. माझ्या मात्र कायमचे बसले. माझ्या जुळ्या बहिणीला व मला एका खोक्यात घालण्यात आले. खोक्यावर एका धावणाऱ्या माणसाचे चित्र होते आणि त्याच्या पोटऱ्यांतून विजा निघत होत्या. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते की, आम्ही वेग वाढवतो. मी ते वाचले आणि मनोमन फुगून गेले. आपण कुणीतरी मोठ्या आहोत अशी माझी समजूत झाली.

आम्हाला जिने घेतले तिला मी ताई म्हणते. ताई एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याच्या यंत्रावर काम करीत असे. दिवसाचे आठ तास तिला एका जागी उभे राहावे लागे. पहाटे धावणे, दिवसभर उभे राहणे आणि रविवारी पुन्हा तीस-तीस किलोमीटर धावणे, असा तिचा क्रम होता. तिचे वडील शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत बापलेकींचा संसार. मला प्रथम पाहिले तेव्हा शिंपीबाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि विचारले,

"ही कशाची बाही गं?"

"बाही नाही बाबा. पोटरीवर घालायची."

"म्हणजे पायाचीच बाही की! आणि हिला शिलाई कुठंय?"

"शिलाई नसतेच. सबंध विणलेली असते."

"शिलाई नाही," ते मान हलवत म्हणाले. "मग शिंप्यानं जगायचं कसं?"

त्या दिवसापासून त्या घरात माझे नाव पायाची बाही असे पडले.

ताई ज्या चमूबरोबर धावत असे, त्यांना एक वयोवृद्ध प्रशिक्षक शिकवीत. त्यांच्या गळ्यात सदैव वेळ मोजायचे स्टॉपवॉच घड्याळ लटकत असे. म्हणून सर्वजण त्यांना घड्याळकाका म्हणत. चमूत एक उंच, किडकिडीत बँकेतला कारकून होता. त्याचे नाव पडले होते टोळ. ताईच्या डोळ्यांना चष्मा नव्हता, तरी टोळ तिला चष्मेवाली म्हणत असे.

आम्हाला पाहून टोळ म्हणाला, "काय चष्मेवाली, पायात इंजिन बसवलंस का?"

"खोक्यावर तसं लिहिलंय खरं."

घड्याळकाकांनी ते ऐकले. ते म्हणाले, "लिहायला काय जातंय? आपण बघू ना." आणि मित्रांनो, त्यांनी खरोखरच पाहिले. सलग सहा रविवार त्यांनी ताईला त्याच रस्त्यावर, त्याच अंतरासाठी पळवले. एका रविवारी आमच्यासह, दुसऱ्या रविवारी आमच्याविना. प्रत्येक वेळ त्यांनी वहीत टिपून ठेवली. सहाव्या रविवारी सर्वांना बोलावून त्यांनी वही उघडली.

"फरक शून्य," ते म्हणाले. "घातल्या काय, न घातल्या काय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा पहिला धक्का. मी अक्षरशः सुन्न झाले. ज्या एका गोष्टीसाठी माझा जन्म झाला असे मी समजत होते, ती मी करीतच नव्हते. टोळ खो खो हसला. मला वाटले की ताई आता आम्हाला कोपऱ्यात फेकून देईल. परंतु ती म्हणाली,

"काका, पळताना नसेल फरक. पण या घातल्या की सोमवारी मशीनपाशी उभं राहताना पाय कमी ठणकतात. ते कुठल्या घड्याळात येतं?"

घड्याळकाकांनी वही मिटली. "ते घड्याळात येत नाही. ते तुझं तुला. घाल खुशाल. फक्त यांच्या जिवावर पळतेय असं समजू नकोस."

त्या एका वाक्याने मला जमिनीवर आणले आणि एका अर्थी जगायलाही शिकवले. वेग माझा नव्हे, वेग ताईचा. मी केवळ दमलेल्या पोटरीला आधार देणारी. त्यानंतर दोन वर्षे मी माझे काम निष्ठेने केले. पोटरी थरथरली की तिला धरून ठेवले. ताई मला हाताने धुई, पिळत नसे व सावलीत वाळवी. इतकी काळजी घेऊनही धागा अखेर धागाच. माझे वरचे तोंड हळूहळू सैल पडू लागले. जुळी बहीण अद्याप ठीक होती, पण मी डाव्या पायावरून दर पाचएक किलोमीटरला घसरू लागले. ताई धावता धावता वाके, मला वर ओढी व पुन्हा वेग पकडी.

आणि नेमकी तेव्हाच ती शर्यत आली. बेचाळीस किलोमीटरची. जी साडेतीन तासांच्या आत पोहोचेल तिला पुढच्या मोठ्या शर्यतीत प्रवेश मिळणार होता. ताईने यापूर्वी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा चार मिनिटांनी हुकले, दुसऱ्यांदा अवघ्या दीड मिनिटाने. घड्याळकाकांनी तिला स्पष्ट सांगितले होते की, या वेळी तुझी तयारी पूर्ण आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी ताई मला हातात घेऊन बसली होती. शिंपीबाबा दुकानातून आत आले.

"काय झालं? तोंड का पाडलंस?"

"डावी घसरते, बाबा. उद्या दर वेळी वाकून ओढत बसले तर तिथंच मिनिट-दोन मिनिटं जायची."

"मग नवीन आण."

"नवीन चालत नाही. शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही घालायचं नाही. बूट नाही, मोजे नाहीत, काहीच नाही. काका जीव घेतील."

हा धावपटूंचा नियम आहे, मित्रांनो, आणि तो योग्यच आहे. नव्या वस्तूने कुठे घासेल, कुठे टोचेल, याचा नेम नसतो.

शिंपीबाबांनी मला तिच्या हातातून घेतले. माझे वरचे तोंड ताणून पाहिले, सोडले, पुन्हा ताणले. चाळीस वर्षे त्यांनी सैल पडलेले कपडे नीट बसवले होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"एवढंच ना? आण इकडे. जुनीच राहील, पण घसरायची नाही."

त्यांनी ताईला खुर्चीवर बसवले, गुडघ्याखाली मापपट्टी धरली व खडूने कागदावर आकडा लिहिला. मग दुकानात जाऊन माझे वरचे तोंड दुमडले, त्याचा नेफा केला आणि लहंग्याच्या कमरेत घालतात ते दोन बोटे रुंदीचे इलॅस्टिक आत ओवले. यंत्राची टीप माझ्या अंगावरून खडखडत गेली. जन्मापासून माझ्या अंगाला शिलाई ठाऊक नव्हती. मी हादरले. परीक्षक बाईंचे शब्द माझ्या कानांत घुमत होते. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की, बाबा, वरचे तोंड सैल राहू द्या! पण तोंड आवळले गेलेल्या वस्तूने बोलावे कसे?

ताईने मला चढवले. उभी राहिली. खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"हं! आता बसली बघा. थोडी घट्ट वाटतेय."

"घट्ट नाही, बरोबर," शिंपीबाबा म्हणाले. "तुला सैलाची सवय झाली होती."

आदल्या दिवशी धावायचे नाही, हाही काकांचाच नियम. त्यामुळे ताई धावून पाहू शकली नाही. तिने मला काढले आणि कपड्यांवर नीट ठेवून दिले. त्या घरात त्या क्षणी कुणी काही चूक करीत आहे असे कुणाच्याही मनात आले नाही. हेच मला अजूनही सर्वांत भयंकर वाटते.

शर्यत सुरू झाली. पहिली वीस किलोमीटर ताई घड्याळासारखी धावली. मी घसरले नाही. टोळ तिच्या बाजूनेच धावत होता. चोविसाव्या किलोमीटरला तिने पाय झटकला.

"काय झालं?" टोळने विचारले.

"डाव्या पावलात मुंग्या आल्यात. बुटाची लेस घट्ट बांधली वाटतं."

ती थांबली आणि लेस सैल केली. लेस, मित्रांनो! मी वरून पाहत होते, आणि मला कळत होते की दोष लेसचा नाही. धावून धावून पोटरी फुगली होती. आदल्या दिवशी खुर्चीवर बसवून मापलेला पाय आता तो पाय उरला नव्हता. फुगलेल्या पायावर माझे इलॅस्टिक रुतत होते, आणि मी काहीही करू शकत नव्हते.

एकतिसाव्या किलोमीटरला ती म्हणाली, "पाऊल बधीर झालंय रे."

"मग ती पायातली बाही काढ. बघ कशी रुतलीये."

"ती कशाला काढू? ती तर जुनीच आहे. दोन वर्षं घालतेय. नवीन काही नाही अंगावर."

"चष्मेवाली, ऐक ना—"

"वेळ बघ किती झालीये! या वेळी दीड मिनिटानंसुद्धा नाही हुकवायचं मला. तू पळ."

ती धावत राहिली. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर डाव्या बुटाचा आवाज बदलला. उजवे पाऊल टपकन पडे. डावे सपकन पडे, जणू ओला कपडा दगडावर आपटावा. त्याची बोटे वर उचलली जात नव्हती आणि बुटाचे टोक रस्त्याला घासत होते. एकोणचाळिसाव्या किलोमीटरच्या वळणावर शिंपीबाबा संत्र्याच्या फोडी घेऊन उभे होते. घड्याळकाकांनी त्यांना मुद्दाम तिथे उभे केले होते, कारण शेवटी घरचा चेहरा दिसला की पायाला बळ येते. ताईने त्यांना पाहिले, हसली, आणि त्याच क्षणी डाव्या बुटाचे टोक रस्त्यात अडकून ती तोंडघशी पडली.

ती उठली. एक पाऊल टाकले आणि पुन्हा पडली. संत्र्याच्या फोडी रस्त्यावर विखुरल्या.

वैद्यकीय तंबूत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर निजवले. मला खाली ओढायचा प्रयत्न केला, पण मी निघेना. तेव्हा त्यांनी कात्री घेतली व मला वरपासून खालपर्यंत कापले. इलॅस्टिक तुटताना चाबकासारखा आवाज झाला. गुडघ्याखाली चहूबाजूंनी खोल जांभळा वळ उमटला होता.

"पाऊल वर उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईने दात आवळले. उजवे पाऊल उचलले गेले.

"डावं."

"उचलतेय की!"

मित्रांनो, ते उचलले जात नव्हते. ताईला वाटत होते की आपण उचलत आहोत, आणि पाऊल मात्र खाटेवर तसेच पडून होते, एखाद्या दुसऱ्याच माणसाचे असावे तसे. मी जमिनीवर पडल्या पडल्या ते पाहिले. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला उचलले. माझ्या दुमडलेल्या तोंडातून इलॅस्टिकचे टोक लोंबत होते.

"हे यात कुणी घातलं?"

ताईने वडिलांकडे पाहिलेही नाही. "बाजारात अशीच मिळाली, डॉक्टर."

"अशी मिळत नाही. ही हाताने—"

"अशीच मिळाली."

"मी घातलं," शिंपीबाबा म्हणाले.

त्यांचा आवाज इतका लहान होता की डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारले. तेव्हा ते पुढे आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मी घातलं. माझ्या मशीनवर. ती घसरत होती म्हणून. मी बाप आहे तिचा."

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला ठेवले. मग ताईच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "काका, इथं हाडाला चिकटून एक नस जाते. पाऊल वर उचलायचं काम तिचं. तीन तास तिच्यावर दोरी बांधल्यासारखं झालंय."

"परत येईल?"

"बहुतेकदा येतं. कधी, ते नाही सांगू शकत. आणि पूर्ण येईलच, असं वचनही मी देणार नाही."

पुढचे दिवस कसे गेले ते काय सांगू? ताईच्या पावलाला प्लास्टिकचा आधार बांधण्यात आला. ती काचा घासण्याचे काम स्टुलावर बसून करू लागली. बापलेकी एकमेकांशी गोड बोलत आणि ते गोड बोलणे ऐकवत नसे. एके दिवशी टोळ पंचवीस किलोमीटर धावण्याआधी दुकानात डोकावला. शिंपीबाबांनी त्याला थांबवले, मापपट्टी काढली व त्याची पोटरी मापली. धावून परतल्यावर पुन्हा बोलावले आणि पुन्हा मापली.

"काका, पोटरीला सूट शिवताय का?" टोळने विनोद केला.

शिंपीबाबा मापपट्टीवरच्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. "चाळीस वर्षं बसलेल्या-उभ्या माणसाची मापं घेतली रे मी," ते म्हणाले. "पळणाऱ्याचं माप कधी घेतलंच नाही."

मला त्यांनी शिवले नाही. त्यांच्या हाताखालून आजवर एकही फाटका कपडा फाटका राहिलेला नव्हता. मी पहिली.

रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते ताईसमोर बुटक्या पाटावर बसत, तिची डावी टाच तळहातावर घेत आणि म्हणत, "उचल." ताई उचलण्याचा प्रयत्न करी. काहीच घडत नसे. मग ती म्हणे, "उद्या." एक आठवडा गेला. तीन गेले. पाचव्या आठवड्यात ताई चिडून म्हणाली,

"पुरे झालं आता, बाबा. रोज तुमचं तोंड बघवत नाही मला."

"माझं तोंड नको बघूस. पाय बघ."

"तुम्ही स्वतःला शिक्षा करताय आणि माझा पाय हातात धरून करताय! मी रागावले नाहीये तुमच्यावर. त्या तंबूत खोटं का बोलले मी? कारण मलाही घट्ट वाटलं होतं आणि मीही काढली नाही. मला मिनिटं वाचवायची होती."

शिंपीबाबा नाक पुसून म्हणाले, "बरं. मग आपण दोघं मिळून शिक्षा भोगू. उचल."

ताईला हसू फुटले. किती दिवसांनी ते हसू मी ऐकले! आणि हसता हसताच ती थांबली.

"बाबा."

"काय गं?"

"अंगठा हलला का आता?"

"मला दिसलं नाही. परत."

अंगठा हलला. भाताच्या शिताएवढा, पण वर. शिंपीबाबांनी टाच सोडली नाही, फक्त दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्यानंतर आणखी दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी ताईला टाचांवर चालून दाखवायला सांगितले. ती अकरा पावले चालली. बाराव्याला डावे पाऊल किंचित खाली झुकले. धावण्याचे काय, असे तिने विचारले. बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. ताईने बूट घातले आणि घरापर्यंतचे अंतर पायीच गेली. शिंपीबाबा तिच्या डाव्या हाताला चालत होते.

मित्रांनो, मी एक अल्प किमतीची वस्तू आहे. कुणाला पळवण्याची शक्ती माझ्यात नाही, हे मला घड्याळकाकांनी शिकवले. दुखवण्याची शक्ती मात्र माझ्यात होती, आणि ती मला एका प्रेमळ माणसाच्या हातून मिळाली. म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. अंगावर घट्ट घालायची वस्तू जुनी झाली की तिला निरोप द्या, तिला आवळू नका. जुन्या वस्तूत काही नवे घातले की ती नवीच झाली असे समजा. आणि धावताना पावलात मुंग्या आल्या तर लेस, घड्याळ, मिनिटे, सारे विसरून तिथल्या तिथे थांबा. मला बोलता येत नव्हते. ताईचा पाय मात्र चोविसाव्या किलोमीटरपासून बोलत होता.